सकाळी दोनशे नव्वद, संध्याकाळी पाचशे दहा

नगरपालिकेच्या माणसानं गिरणीत येऊन जमिनीवर गेरूची एक रेघ मारली, रेघेच्या अलीकडचं सगळं रस्त्यात जाणार असं सांगितलं आणि चहा नको म्हणून निघून गेला. अलीकडच्या सहा फुटांत माझी मोटर होती, दोन्ही दगड होते, वजनकाटा होता. पलीकडं उरत होती भिंतीतली एक खुंटी आणि तिच्यावरची माझी छत्री.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली. साताऱ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं दोन रस्ते जातात, एक वरचा आणि एक खालचा. गर्दी वाढली म्हणून विचार असा चालला होता की वरच्यानं फक्त जायचं आणि खालच्यानं फक्त यायचं. असं गोल फिरवायचं तर मधे दोन्ही रस्त्यांना जोडणारी वाट लागते, आणि ती वाट म्हणजे आमचा उतार. अठरा फूट रुंद, दोन्ही बाजूंना घरं. तासाला साडेचारशे सायकलींएवढी वाहतूक या उताराला झेपली तर तो आहे तसाच राहणार होता. नाही झेपली तर सहा फूट रुंद होणार, तेही माझ्याच बाजूनं. समोरच्या बाजूनं पाण्याची मोठी पाइप गेलेली होती आणि पाइपपेक्षा गिरण हलवणं सोपं, असं कुणीतरी कागदावर ठरवलं होतं.

माझे मालक लालासाहेब सैन्यात, तेव्हा आसामात होते. गिरण मी नऊ वर्षं एकटीनं चालवत होते. मोटर उघडायला आणि पुन्हा बंद करायला मला कुणी शिकवलं नाही, मी ती तीनदा बिघडवून शिकले. दुसरीकडं जागा बघायची, तिथं मोटरसाठी वीज मागायची, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीची वाट धरणार, आणि मी घरात बसून आसामच्या पत्रांची वाट बघणार. सहा फूट म्हणजे एवढं सगळं होतं.

झेपतं की नाही ते बघायला सांगलीहून एक इंजिनिअर आले. गंगाधर परचुरे. तिशीचे, किडकिडीत, पँटच्या एका पायाला सायकलची चिमटी कायम लावलेली, सायकल नसली तरी. त्यांना बसायला काही नव्हतं म्हणून मीच गिरणीतलं स्टूल बाहेर दिलं. माझ्या गिरणीचा निकाल लावणारा माणूस माझ्याच स्टुलावर बसला होता आणि हे त्यांनाही अवघड वाटत असावं, कारण पहिल्या दिवशी ते निम्म्याच स्टुलावर बसले.

मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल. सायकल गेली की एक उभी रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी. सायकलीचा रकाना वेगळा, मोटारीचा वेगळा, ट्रकचा, टांग्याचा, बैलगाडीचा वेगळा.

"प्रत्येकाचं वजन वेगळं धरतात," ते म्हणाले. "वजन म्हणजे रस्त्यावर किती जागा आणि किती वेळ खातं ते. दोन सायकली म्हणजे एक मोटार. एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी."

आमच्या आळीतला कृष्णात विटांची बैलगाडी हाकायचा. तो तिथंच उभा होता. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस व्हय रं? आठ मोटारींचा धनी हाय मी. आणि बायकू म्हंती, साधी येक सायकल न्हाई घरात."

समोरच्या धोंडुबाई दारातनं म्हणाल्या, "मग त्यातली येक मोटार मला दे. माह्यारला जाऊन येते."

मी विचारलं, "आणि डोक्यावर दळणाचा डबा घेऊन बाई आली तर साहेब?"

"पायी चालणारे या तक्त्यात धरत नाहीत."

"म्हंजी आमी अर्धी सायकलबी न्हाई."

परचुरे साहेबांचे कान लाल झाले. "तसं नाही हो. छापून आलाय तक्ता तसा."

त्यांच्या कामात मला गोडी लागली ती दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, साहेब, येतं ते मोजता येतंय. पण रस्त्याला किती झेपतं, ते कसं मोजायचं? जे गेलंच नाही त्याच्या रेघा कशा मारायच्या?

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "रांग लागली की मोजायचं. रांग नाही तोवर रस्ता फक्त आलेल्यांना सोडतोय. रांग लागली म्हणजे तो सांगतोय, याच्यापुढं माझ्याच्यानं होत नाही. तेव्हा तासाला जेवढं सुटतं, तेवढी त्याची ताकद."

हे मला लगेच कळलं. दगडाच्या वर दाणे ओतायचं पत्र्याचं नरसाळं असतं. त्यात पायलीभर ओता नाहीतर पोतंभर ओता, खालच्या तोंडातनं पडायचं तेवढंच पडतं. पडायला लागलं कमी, तर मी नरसाळं कापून तोंड मोठं करत नाही. हात घालून बघते, कुठं काडी आडवी बसलीय का.

हे मी त्यांना सांगितलं तर ते हसले आणि तक्त्याच्या मागं ते नरसाळ्याचं लिहून घेतलं.

चार दिवस झाले आणि साहेब बुचकळ्यात पडले. सकाळी आठ ते दहा आमच्या उताराला रांग लागायची. कचेरीतले, शाळेतले मास्तर, दूधवाले, एस. टी.च्या वर्कशॉपची माणसं, सगळी वरून खाली. रांग पार वरच्या रस्त्यापर्यंत जायची आणि तासाला सुटायच्या दोनशे नव्वद सायकली. (सगळा हिशेब मी सायकलींतच सांगते, मोटारींत सांगितलं तर माझंच डोकं फिरतं.) संध्याकाळी हीच माणसं, ह्याच सायकली, खालून वर. तेव्हा तासाला पाचशे दहा, आणि रांग नाहीच.

"चढाला पाचशे आणि उताराला तीनशेसुद्धा नाहीत," साहेब म्हणाले. "पुस्तकात असलं कुठंच नाही. सांगलीत हळदीच्या हंगामात गाड्यांच्या रांगा मोजल्यात मी. तिथं सकाळ-संध्याकाळ सारखंच येतं."

"सांगली सपाट हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "आमच्याकडं चढ-उतार हाय, माणसांतबी हाय."

साहेबांनी आधी थंडीला धरलं. सकाळी हात आखडतात, ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून लोक हळू येतात. मग एक दिवस ढगाळ आणि उबदार निघाला आणि त्या दिवशी दोनशे अठ्ठ्याऐंशी आले. मग त्यांची नजर माझ्या पायरीवर गेली. सकाळी दळणाला बायका येतात, डबे पायरीवर असतात, एखादी बाई रस्त्यात उभी राहून बोलते.

त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पण स्टूल जरा पलीकडं सरकवून ते पायरीकडंच बघत बसले, तेव्हा मला कळलं की आता कागदावर गिरण हीच अडचण म्हणून जाणार.

मी म्हटलं, "साहेब, उद्या सकाळी गिरण बंद ठेवते. पायरीवर चिटपाखरू दिसायचं न्हाई. मोजा."

"तुमचं नुकसान होईल."

"सहा फूट गेलं तर काय हुईल?"

दुसऱ्या दिवशी गिरण बंद. बायकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. मी सुपात ज्वारी घेऊन साहेबांच्या शेजारी पायरीवर निवडत बसले. नऊ वर्षांत सकाळी आठला मी गिरणीबाहेर कधी बसले नव्हते. आत पट्ट्याचा आवाज आणि पिठाची धूळ, बाहेर काय चाललंय ते आपल्याला अर्ध्या दारातनं दिसतं तेवढंच.

आठ वाजले, रांग लागली. वरून शाळेचे एक मास्तर आले. सायकलीवर ताठ. माझ्या दाराच्या अलीकडं आठ-दहा पावलांवर त्यांनी पाय टेकला, खाली उतरले, सायकल हातात धरली. "रामराम नानासो," म्हणाले, सहा पावलं चालले, मग टांग टाकून पुन्हा स्वार झाले. टांग टाकताना सायकल एकदा डावीकडं झुकली, एकदा उजवीकडं. मागचा दूधवाला थांबला, त्याच्या दोन्ही बाजूंना किटल्या. मास्तर सरळ होईपर्यंत तो थांबला आणि मग तोही उतरला. "रामराम सुभेदार." त्याच्यामागं वर्कशॉपचे तिघं. उतरले, चालले, चढले. चौथा न उतरता जाऊ बघत होता, पण पुढची तिघं रस्ताभर चालत होती, मग तोही थांबला.

माझ्या गिरणीला लागूनच सुभेदार नानासोंचं घर, आणि घरापुढं त्यांचा दगडी कट्टा. कट्ट्यावर रोज सकाळी आठ ते दहा पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी, नाना बसलेले. वय अडुसष्ट. लढाईत ब्रह्मदेशात ट्रकच्या तांड्याबरोबर होते, मग सुभेदार होऊन घरी आले. नंतरच्या वीस वर्षांत आमच्या भागातली निम्मी पोरं भरतीआधी त्यांच्यासमोर मैदानात पळाली. विधवांचे पेन्शनचे कागद त्यांनी भरले. माझ्या मालकांना पहिल्यांदा गाडीत बसवायला तेच स्टेशनवर गेले होते. अशा माणसापुढनं सायकलीवर बसून कोण जाईल? लहान असताना आम्हाला हेच शिकवलेलं, वडीलधारं माणूस दिसलं की खाली उतरायचं. आम्ही सगळे रोज उतरत होतो, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांना तर ते उतारामुळं उतरतायत असं वाटत होतं.

संध्याकाळी नाना मैदानावर असायचे, पोरं पळवत. तेव्हा कट्टा रिकामा. पाचशे दहा.

साहेबांनी बेरीज केली. "दोनशे शहाण्णव. म्हणजे तुमची गिरण नाही, अंजनाबाई." ते खरंच खुश झाले होते. "पण मग काय आहे?"

मला उत्तर माहीत होतं आणि मी ज्वारी निवडत राहिले.

दुपारी धोंडुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेबाला सांगू नगंस. त्यो लिहून टाकंल, म्हातारा आडवा येतोय. मग गिरण ऱ्हाईल आणि कट्टा फोडतील."

"मग नानांस्नी सांगावं का?"

"काय सांगशील? तुमी दिसू नका म्हणून? त्या माणसाचं घरात कोण हाय? बायकू गेली, पोरगा पुण्यात. सकाळची दोन तास त्येंची हायत तेवढी." मग म्हणाल्या, "दोन दिवस कुठंतरी आत बसीव त्येंना. मोजणी उरकली की बसतील परत."

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. संध्याकाळी नाना मैदानावरून आल्यावर डोक्यावर पदर घेऊन त्यांच्याकडं गेले. "नाना, माझा पट्टा सारखा घसरतोय. आवाज ऐकून कुठं घसरतोय ते सांगणारं जाणतं माणूस लागतंय. उद्या सकाळी गिरणीत येऊन बसाल का?"

नाना म्हणाले, "ट्रकचा पट्टा मी आवाजावरनं वळकायचो." आणि सकाळी पावणेआठलाच काठी टेकत गिरणीत हजर. मी त्यांना मागं, गेरूच्या रेघेपलीकडं, खुंटीखाली बसवलं. बाहेरून दिसत नव्हते.

आठ वाजता वरून तेच मास्तर आले. रिकामा कट्टा बघितला. उतरले, सायकल कट्ट्याला टेकवली आणि समोर गेले. "धोंडुबाई, सुभेदार कुठं? बरं हाय ना?"

धोंडुबाई म्हणाल्या, बरं आहे. मास्तरांना ते खरं वाटलं नाही. तोवर दूधवाला पोचला. "काय झालं? दवाखान्यात न्हेलं व्हय?" वर्कशॉपच्या तिघांनी सायकली आडव्या टाकल्या. एकजण दाराची कडी वाजवायला लागला. कृष्णातनं विटांची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली, आठच्या आठ मोटारी, आणि खाली उतरून टोपी काढून हातात घेतली. खालच्या आळीतनं रंगूबाई भाकरी आणि पिठलं झाकून घेऊन आल्या, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की नानासोंच्या घरात चूल पेटलेली नाही.

आत नाना पट्ट्याच्या आवाजाला कान लावून बसले होते. "पट्टा ठीक हाय तुझा," म्हणाले. "पण भाईर गलका कसला?" आणि उठून दारात आले.

मग जी काही वीस मिनिटं गेली ती साहेबांच्या तक्त्यात कोरी आहेत. प्रत्येकानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, तब्येत विचारली. रंगूबाईंनी भाकरी परत न्यायला नकार दिला.

त्या सकाळी तासाला दोनशे दहा.

साहेब संध्याकाळी स्टूल परत द्यायला आले. चेहरा उतरलेला. "उद्या शेवटचा दिवस. मग मला आकडा लिहायलाच लागेल. सकाळच्या रांगेचा आकडा धरतात, संध्याकाळचा नाही. दोनशे नव्वद लिहिले की सहा फूट गेले, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मला कारण सापडलं असतं तर मी लिहिलं असतं."

त्यांनी तसं सरळ सांगितल्यावर मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "साहेब, कारण मला सापडलंय. चला माझ्यासंगं."

आम्ही कट्ट्यावर गेलो. नाना मैदानावरून परत येऊन सकाळचीच पिठलं-भाकरी खात होते. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. उतरणं, चालणं, चढणं. पट्टा घसरत नव्हता हेही.

भाकरीचा तुकडा नानांच्या हातातच राहिला.

"म्हंजी रस्ता मी आडवलाय," ते म्हणाले.

"तसं न्हाई नाना."

"तसंच हाय. मऊ करून सांगू नगंस." मग साहेबांकडं वळले. "किती सुटतात?"

"दोनशे नव्वद."

"किती पायजेत?"

"साडेचारशे."

नाना हात धुऊन आले. आता आवाज बदलला होता. पोरांना मैदानात ओरडतात तसला झाला होता. "मी भाईर बसलो तर उतरतात. आत बसलो तर चवकशीला उतरतात. न्हाई उतरायचं असा हुकूम सोडला तरी त्यो ऐकायला उतरतील." त्यांनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. "तिकडं डोंगरात आमच्या तांड्यात साठ ट्रक असायचं. प्रत्येक डायवर आपापल्या मर्जीनं पळाला की निम्मं ट्रक वळणावर अडकून बसायचं. म्होरं येक गाडी लावायची, तासाला धा मैलाची चाल, कुणी पुढं जायाचं न्हाई, कुणी थांबायचं न्हाई. हळू जायाचं, पण सगळी साठ सांजच्याला पोचायची. साहेब, हे तुमच्या पुस्तकात हाय का?"

"आहे," साहेब हळूच म्हणाले. "थांबत-पळत जाण्यापेक्षा एकसारखं हळू गेलं तर जास्त सुटतं. पण पुढची गाडी कोण होणार?"

"अंजना, तुझ्या दिराची सायकल हाय ना?"

"नाना, तुमी किती वर्सांत बसला न्हाई सायकलवर."

"ते मी इचारलं न्हाई."

माझा धाकटा दीर दत्तू पलीकडच्या आळीत राहायचा. रात्री त्याची सायकल आणली, सीट खाली केली, साखळीला माझ्या मोटरचं तेल घातलं. सकाळी पावणेआठला नानांनी धोतर खोचून कोटाची बटणं लावली, काठी हँडलला आडवी बांधली आणि वरच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तिथं साहेबांचा शिपाई मोजत होता, त्यानं पुढं आठवडाभर ती गोष्ट सांगितली. मास्तर आले, नानांना बघून उतरायला लागले. नाना म्हणाले, "चढा. माझ्या मागनं या. थांबू नगा." आणि स्वतः स्वार झाले.

पहिल्यांदा हँडल असं काही डुगडुगलं की मी दारात पदर तोंडाला धरला. मग सरळ झालं. उतारावरून नाना सायकलीवर येत होते, फार हळू नाही, फार वेगात नाही, कोट फुगलेला. मागं मास्तर, मागं दूधवाला, मागं वर्कशॉप, मागं सगळा सातारा. वडीलधारा माणूस स्वतःच सायकलीवर असला तर उतरायचं कुणासाठी? आणि त्याच्यापुढं सायकल काढून जायची तर कुणाची छाती नव्हती. सगळे त्यांच्याच चालीनं, एकापाठोपाठ, पाय न टेकता. माझ्या दारावरून ते गेले तेव्हा साहेबांना आडव्या रेघा मारायला उसंत मिळेना.

नाना खाली पोचले, खालच्या रस्त्यानं वळसा घालून पुन्हा वर आले, पुन्हा उतरले. मधल्या वेळात आलेले लोक रिकाम्या कट्ट्याकडं बघून पाय टेकायच्या बेतात यायचे, तेवढ्यात धोंडुबाई दारातनं ओरडायच्या, "म्होरं गेल्यात सुभेदार, सायकलवर, म्होरं." हे ऐकून कोण थांबतो? बघायला म्हणून ते जास्तच जोरात पॅडल मारायचे. कृष्णातची गाडीसुद्धा थांबली नाही, बैलही बघत होते.

दहा वाजता साहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली, मग तक्ता मला दिला. मीही केली. तासाला चारशे सत्तर.

नाना कट्ट्यावर बसून पाणी पीत होते, गुडघे चोळत. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता आभार मानतील. ते म्हणाले, "सुभेदार, हा आकडा खोटा नाही. पण तो आजचा आहे. मी उद्या नसेन. रोज असं होणार आहे का? नसेल तर मला चारशे सत्तर लिहिता येणार नाहीत."

मला त्यांचा राग आला आणि तो त्याच क्षणी गेला. बरोबर विचारत होते. माझ्या दगडांचा सगळा भार त्या एका प्रश्नावर होता.

नानांनी तांब्या खाली ठेवला. "म्हैनाभर मी रोज सायकल चालवीन," ते म्हणाले. "म्हैन्यात पोरांच्या पायाला सवय लागती, मोठ्या माणसांच्याबी लागंल. मग मी इथं बसीन, आणि जो उतरंल त्याच्याशी मी बोलणार न्हाई. बसल्या बसल्या हात वर केला तर रामराम घीन. असं लिहा."

"असं लिहायला रकाना नाही."

"मग पाठीमागं लिहा. हिच्या नरसाळ्याचं लिहिलंत न्हाई का?"

साहेबांनी मागं लिहिलं. सकाळचे दोनशे नव्वद लिहिले, ते का होते ते लिहिलं, चारशे सत्तर लिहिले आणि ते कसे आले तेही लिहिलं. मला वाचून दाखवलं. रस्त्याला रुंदी कमी नाही, असं शेवटचं वाक्य होतं. जाताना त्यांनी चिमटी लावलेल्या पायानं सायकल शोधली आणि मग आठवलं की आपण सायकल आणलेलीच नाही.

फेब्रुवारीत पालिकेचा माणूस पुन्हा आला. या वेळी चहा घेतला. आमचा उतार एकेरी वाहतुकीत धरला होता, आहे त्या रुंदीनं. आणि गेरूची रेघ म्हणाल तर पुसून टाका, म्हणाला. मी म्हटलं, पुसायला कुठं, पिठाखाली कधीच दिसेनाशी झालीय.

नानांनी महिना म्हणता सहा आठवडे सायकल चालवली. मग गुडघ्यानं नाही म्हटलं आणि ते कट्ट्यावर परत आले. पहिल्या दिवशी दोघं जुन्या सवयीनं उतरले. नानांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. ते दोघं दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवसापासून कुणी उतरेना. हात वर करायचे आणि पुढं जायचे. कट्ट्यावर नाना हनुवटी जरा वर करून बसायचे आणि गेलेल्यांच्या पाठीकडं बघत राहायचे. पूर्वी प्रत्येकाचं सहा पावलांचं बोलणं असायचं, पोरगं पास झालं का, म्हैस व्याली का. आता ते नव्हतं.

माझी गिरण चालू होती. दगड जागेवर होते. त्यामुळं ते बघणं मला जास्तच जड जायला लागलं.

साहेबांचा एक कोरा तक्ता माझ्याकडं राहिला होता. एका सोमवारी मी गिरण तासभर उशिरा उघडली, पायरीवर बसले आणि मोजलं. सायकली साहेबांनी मोजल्या होत्याच. मी हात मोजले. वर झालेले हात. पूर्वी तासाला दीडशेच्या आसपास उतरायचे, बाकीचे त्यांच्यामागं नुसते अडकायचे. आता पुढच्यानं हात वर केला की मागचाही करायचा, तो नानांना ओळखत असो वा नसो.

दहा वाजता चहा घेऊन कट्ट्यावर गेले. "नाना, आज तासाला चारशे बारा रामराम झालं तुमाला."

"फुगवून सांगू नगंस."

मी तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी कोटाच्या खिशातनं चष्मा काढला. एकेक आडवी रेघ बोटानं मोजत खालपर्यंत गेले. चहा निवला. शेवटी तळाच्या कोपऱ्यात मी वेगळ्या मारलेल्या रेघांवर बोट थांबलं.

"ह्या काय?"

"ह्येंनी हात वर केला न्हाई. सत्तावीस."

"वळखीचं होतं कोण त्यात?"

"होतं की पाच-सहाजण."

नानांनी तक्त्याची घडी घातली, खिशात ठेवली, आणि चहाचा कप हातात घेऊन नीट बसले.

"नावं सांग," म्हणाले.

मी सांगितली. त्यात एक दत्तूचं होतं.